कोड म्हणतो लीन, प्लग निघाले काळे : एक्झॉस्ट लीक आणि ऑक्सिजन सेन्सरचा काय संबंध?

काळाप्लग

नमस्कार मंडळी, जरा मदत करा, डोकं चालेनासं झालंय. गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, टर्बो नाही. एक ऑक्सिजन सेन्सर मॅनिफोल्डच्या (सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र आणणाऱ्या पाइपच्या) खाली कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी आणि एक कॅटच्या नंतर. चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून स्कॅनर लावला तर पी०१७१, म्हणजे मिक्श्चर लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. गॅरेजवाल्यांनी सांगितलं पुढचा सेन्सर गेला, बदलून टाका. बदलला. थोडे दिवस बरं वाटलं आणि दिवा परत हजर, कोड तोच.

आता मला न कळणारी गोष्ट अशी की कोड लीन म्हणतोय पण बाकी सगळी लक्षणं रिचची, म्हणजे पेट्रोल जास्त असल्याची आहेत. अ‍ॅव्हरेज पडलंय, गाडी उभी असताना मागे गेलं की कच्च्या पेट्रोलचा वास येतो, प्लग काढून बघितले तर चारही काळे, कोरडी काजळी. पेट्रोल कमी पडतंय म्हणून दिवा लागतो आणि प्लग सांगतात पेट्रोल जास्त जातंय, दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?

ट्रिम, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल किती टक्के वाढवतोय ते आकडे, लिहून ठेवलेत : आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) लाँग टर्म, म्हणजे शिकून साठवलेला, +१८ आणि शॉर्ट टर्म, म्हणजे त्या क्षणाचा, +४ च्या आसपास. २५०० आरपीएमला धरून ठेवली की लाँग +७, शॉर्ट शून्याच्या जवळ. अजून एक, सकाळी थंड इंजिन चालू केलं की टॅपेटसारखा टिक टिक आवाज येतो आणि गरम झालं की बंद होतो. एक मित्र म्हणाला एक्झॉस्ट लीक असेल. पण लीक असला तर धूर बाहेर जाईल ना, त्याने सेन्सरला काय फरक पडणार?

लॅम्ब्डा_एक

काळाप्लग, तुमच्या मित्राचं बरोबर असण्याची शक्यता खूप आहे, आणि तुमच्या पोस्टमध्येच तीन पुरावे आहेत : आयडलला ट्रिम जास्त, प्लग काळे, आणि थंड असताना टिक टिक.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. या सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, त्याला फक्त ऑक्सिजन दिसतो. आत झिर्कोनियाचं टोपण असतं, एका बाजूला एक्झॉस्ट आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, साधारण ३०० डिग्रीच्या वर तापलं की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधला फरक जितका जास्त तितकं व्होल्टेज जास्त. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जवळपास नसला तर ०.८-०.९ व्होल्ट, भरपूर असला तर ०.१ च्या आसपास, आणि मधला उंबरठा ०.४५. (तुमच्या गाडीत पुढचा सेन्सर वाइडबँड (मिक्श्चर नेमकं किती लीन-रिच ते मोजणारा) असेल तर स्कॅनरवर आकडे वेगळे दिसतील, पण मूळ तत्त्व तेच, तोही ऑक्सिजनवरच चालतो.) हा ऑक्सिजन सिलिंडरमधून न जळता आला की वाटेत कुठल्या फटीतून घुसला हे ओळखायची सोय सेन्सरमध्ये नाही. ऑक्सिजन दिसला की तो लीन म्हणणार.

मग ईसीयू काय करतो, त्याला सेन्सरवर विश्वास ठेवायचाच असतो, तो इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. पेट्रोल वाढवत वाढवत जातो जोपर्यंत सेन्सर ठीक म्हणत नाही. म्हणजे सेन्सरच्या जागी मिक्श्चर बरोबर दिसतं पण सिलिंडरच्या आत ते रिच असतं. तुमचा +१८ आणि +४ म्हणजे ईसीयू आयडलला नकाशापेक्षा (आधीच भरून ठेवलेल्या पेट्रोलच्या तक्त्यापेक्षा) पाचव्या हिश्शाहून जास्त पेट्रोल ओततोय, प्लग काळे होणार नाहीत तर काय होणार. आणि पी०१७१ चा अर्थ "मी इतकं पेट्रोल वाढवलं तरी मला लीनच दिसतंय" एवढाच, इंजिन खरंच लीन आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

नवीन सेन्सर टाकल्यावर थोडे दिवस बरं वाटलं, त्याचं कारण बहुधा कोड पुसताना शिकलेले ट्रिमपण शून्य झाले. मग ईसीयू पुन्हा तेच शिकला.

सरळ_पाइप

माफ करा पण मला हे कधीच पटलेलं नाही. एक्झॉस्टमध्ये प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असतं, म्हणून तर धूर मागून बाहेर येतो. भोक पडलं तर धूर बाहेर येणार, हवा आत कशी जाईल? लीकजवळ हात धरला तर गरम वारा बाहेरच लागतो. आणि धूर थोडा कमी झाला म्हणून त्यातल्या ऑक्सिजनचं प्रमाण तर बदलत नाही.

लॅम्ब्डा_एक

सरळ_पाइप, शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं आहे, फक्त बाहेरच जात असेल तर रीडिंगवर काही परिणाम नाही. पण एक्झॉस्टचा प्रवाह नळाच्या पाण्यासारखा सलग नसतो, तो धक्क्याधक्क्याने येतो. ८०० आरपीएमला एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो, म्हणजे त्या पोर्टमध्ये दोन धक्क्यांच्या मध्ये साधारण १५० मिलिसेकंदांचं अंतर पडतं. धक्का जोरात पुढे गेला की त्याच्या पाठीमागे दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, आणि त्या क्षणाला फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. तुमच्या हाताला जो वारा लागतो तो धक्क्याचा, ओढ इतकी थोडकी आणि इतकी कमी वेळ असते की हाताला कळत नाही. सरासरी दाब बाहेरच्यापेक्षा जास्तच असतो, तुमचं तेही बरोबर, पण फटीला सरासरीशी देणंघेणं नाही, ज्या क्षणी दाब खाली त्या क्षणी हवा आत.

रीडव्हॉल्व्ह

याचा चालताबोलता पुरावा हवा असेल तर मोटारसायकल बघा. खूप बाइकमध्ये एअर फिल्टरकडून एक रबरी नळी हेडवर एक्झॉस्ट पोर्टपाशी जाते, मध्ये एक रीड व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) असतो. पंप नाही, मोटर नाही, काही नाही. एक्झॉस्टच्या धक्क्यामागची जी ओढ आहे तिच्यावरच ताजी हवा पोर्टमध्ये खेचली जाते आणि न जळालेलं पेट्रोल तिथे जळतं. सेकंडरी एअर म्हणतात त्याला. धक्का उलट येतो तेव्हा पातळ पात्याचा रीड बंद होतो. एक्झॉस्ट हवा ओढत नसता तर ही सिस्टीम चाललीच नसती. आयडलला ती नळी काढून तोंडावर बोट धरा, बोटाला ओढ जाणवते, मात्र नळी नंतर नीट परत बसवा.

मॅनिफोल्डच्या गॅस्केटची (पॅकिंगची) फट म्हणजे तीच सिस्टीम, फक्त रीड नसलेली आणि ईसीयूला माहीत नसलेली. आणि कारमध्येसुद्धा ज्यांना सेकंडरी एअर पंप आहे तिथे तो थंड स्टार्टनंतर थोडा वेळच चालतो. त्याचा चेक व्हॉल्व्ह गळायला लागला तर गरम इंजिनलासुद्धा हवा एक्झॉस्टमध्ये येत राहते आणि हाच खोटा लीन दिसतो. लोक सगळी पॅकिंग बदलत बसतात आणि व्हॉल्व्हकडे कोणी बघत नाही.

सिंगल सिलिंडर बाइकला तर हा त्रास जास्तच, कारण एकच सिलिंडर, धक्क्यांमधलं अंतर मोठं, आणि पाइप आखूड. काही वेळा लीक नसतानाही आखूड मोकळ्या सायलेन्सरच्या मागच्या तोंडातून आयडलला हवा उलटी सेन्सरपर्यंत येते. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर फट फट आवाज वाढला असेल तर हेडजवळचं पॅकिंग आधी बघा, आत शिरलेली हवा आणि उरलेलं पेट्रोल पाइपमध्ये पेटतं त्याचा तो आवाज.

सरळ_पाइप

रीड व्हॉल्व्हचं उदाहरण पटलं, याला उत्तर नाही माझ्याकडे. मग प्रश्न असा की हे आयडललाच का जास्त? काळाप्लगचा २५०० ला ट्रिम बराच खाली आलाय.

लॅम्ब्डा_एक

दोन कारणं. एक म्हणजे वेग वाढला की धक्के जवळ जवळ येतात, पाइपमधला दाब वाढतो, ओढ लागायला सवडच कमी मिळते, लीक मग बहुतांश बाहेरच फुंकतो. दुसरं साधं गणित आहे. समजा एक मध्यम आकाराचं इंजिन आयडलला सेकंदाला २ ग्रॅम हवा घेतंय आणि फटीतून ०.२ ग्रॅम आत येतेय. ती झाली १० टक्के. सेन्सरला मिक्श्चर १० टक्के लीन दिसणार, ईसीयू साधारण १० टक्के पेट्रोल वाढवणार, आणि सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिक्श्चर १४.७ ला १ च्या ऐवजी साधारण १३.४ ला १ जळणार. तेच इंजिन रस्त्यावर सेकंदाला २० ग्रॅम घेत असेल आणि फटीतून तेवढीच हवा येत असेल तर ती १ टक्का, ट्रिममध्ये दिसणारसुद्धा नाही. प्रत्यक्षात ती तेवढीही येत नाही.

पण याचा अर्थ रस्त्यावर काही होत नाही असा नाही. खूप ईसीयू लाँग टर्म ट्रिम फुल थ्रॉटललासुद्धा लावतात, जिथे सेन्सरकडे बघणं बंद असतं. तिथे आधीच मुद्दाम रिच ठेवलेलं असतं, त्यावर हा खोटा ट्रिम चढला की अजून रिच. पिकअप मेल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

काळाप्लग

आता चित्र स्पष्ट होतंय, मनापासून आभार सगळ्यांचे. पण इनटेकला (इंजिनच्या हवा आत घेणाऱ्या बाजूला) कुठे व्हॅक्यूम लीक असेल तरी आयडललाच ट्रिम जास्त दाखवतो ना? मग दोन्हीत फरक कसा करायचा? पुन्हा अंदाजाने पार्ट बदलायचे नाहीयेत.

स्कोपवाली

हा प्रश्न विचारलात ते फार बरं झालं, कारण ट्रिमवरून हे दोन्ही जुळ्यासारखे दिसतात आणि इथेच सगळे फसतात.

फरक एका गोष्टीत आहे : व्हॅक्यूम लीकमध्ये इंजिन खरंच लीन असतं, एक्झॉस्ट लीकमध्ये ते खरं रिच असतं. म्हणून इंजिनलाच विचारायचं. उघड्यावर, आयडलला, इनटेकमध्ये अगदी थोडा प्रोपेन सोडला की जे इंजिन खरंच लीन आहे ते सुधारतं, आरपीएम चढतात, आवाज गुळगुळीत होतो. जे आधीच रिच आहे ते अजून जड होतं, आरपीएम पडतात. प्रोपेनचा सराव नसेल तर ते करू नका, दुसरा मार्ग आहे. शिकलेले ट्रिम स्कॅनरने पुसा, पुढच्या सेन्सरच्या वायरचा प्लग काढा (सेन्सर जागीच राहू द्या) आणि आयडल ऐका. ईसीयू आता फक्त नकाशावर चालेल. पेट्रोलचा वास कमी झाला आणि आयडल सुधारलं तर सेन्सरला खोटी माहिती मिळत होती. उलट गाडी अजून थरथरायला लागली तर इनटेककडे बघा. दिवा लागेल, नंतर पुसायचा.

तुमचे काळे प्लग हाच खरं तर अर्धा निकाल आहे. व्हॅक्यूम लीकमध्ये ते असे काळे निघाले नसते. आणि ट्रिम आयडलला ठीक पण लोडला वाढत असता तर मी पेट्रोल पंपाचं प्रेशर, फिल्टर किंवा घाण झालेला एअरफ्लो सेन्सर म्हटलं असतं, तुमचं ते नाहीये.

एक्झॉस्ट गॅस अ‍ॅनालायझर मिळाला तर उत्तमच. खरं लीन असेल तर ऑक्सिजन जास्त आणि कार्बन मोनॉक्साइड कमी. लीक असेल तर ऑक्सिजनही जास्त आणि मोनॉक्साइडही जास्त, ही जोडी दिसली की पाइपकडेच बघायचं. फक्त कॅटच्या आधीचं सँपल घ्या, कारण कॅट दोन्ही खाऊन टाकतो. आणि एखादा सिलिंडर मिसिंग करत (मिक्श्चर न पेटवता सोडत) नाहीये एवढी खात्री करा, मिसिंगमध्ये न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि सेन्सर तेव्हाही लीन ओरडतो.

मी स्कोप (व्होल्टेजचा ग्राफ काढणारं ऑसिलोस्कोप) लावते तेव्हा लीकवाल्या गाडीत व्होल्टेज वर असताना मध्येच खाली टोकदार काटे दिसतात, घुसलेल्या हवेचा पट्टा सेन्सरवरून गेला की एक काटा. हवा आणि धूर तेवढ्या अंतरात नीट मिसळलेले नसतात म्हणून. साध्या स्कॅनरचा वेग कमी असतो, त्यात हे काटे हरवतात.

व्ही_सहा

ज्यांच्या इंजिनला दोन बँक (सिलिंडरच्या दोन रांगा) आहेत त्यांच्यासाठी सोपी खूण : एकाच बँकेचा ट्रिम वर गेला आणि दुसरी बँक शांत, तर इनटेकपेक्षा त्या बाजूच्या मॅनिफोल्डचा संशय आधी घ्यावा. इनटेकचा मोठा लीक बहुतेक वेळा दोन्ही बँकांना वर नेतो, मग पी०१७१ आणि पी०१७४ (दुसऱ्या बँकेचा लीन कोड) जोडीने येतात.

मागच्या सेन्सरबद्दल पण लिहितो. कॅटच्या नंतर आणि मागच्या सेन्सरच्या आधी लीक असेल तर मागचा सेन्सर लीन दाखवतो. बऱ्याच गाड्यांत ईसीयू मागच्या सेन्सरवरून पुढच्याची बारीक दुरुस्ती करतो, म्हणून तिथूनही थोडं पेट्रोल वाढू शकतं, आणि कधी कधी पी०४२० (कॅट नीट काम करत नाही असा कोड) येऊन चांगली कॅट बदलली जाते. मागच्या सेन्सरच्याही पुढे, मफलरकडे भोक असेल तर आवाज येईल, रीडिंगला सहसा धक्का लागत नाही. टर्बोच्या आधीचा लीक वेगळा, तिथे दाब इतका जास्त असतो की गॅस बहुतेक बाहेरच जातो, सेन्सरपेक्षा बूस्ट आधी मार खातो.

काळाप्लग

अपडेट. सेन्सरच्या वायरचा प्लग काढून आयडल ऐकलं, स्कोपवाली ताईंनी सांगितलं तसं. ट्रिम पुसल्यावर वास जवळपास गेला आणि आयडल मऊ झालं. मग रात्रभर थंड होऊ दिलं, हीट शील्ड काढली. चौथ्या सिलिंडरच्या पोर्टखाली हेडवर काजळीचा पंख्यासारखा पसरलेला डाग, बोटभर रुंद, बाकी तिन्ही पोर्ट स्वच्छ. मागच्या टोकाचा स्टड बघितला तर नटासकट डोकंच नाही, तुटलेला. व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू मागच्या पाइपला चिंध्या लावून बसवली आणि साबणाचं पाणी मारलं, त्याच जागी फेसाचे बुडबुडे, दुसरीकडे कुठेच नाहीत. लीक सापडला.

आता पुढे काय? फक्त स्टड आणि पॅकिंग टाकून चालेल का? एक्झॉस्ट पेस्ट लावू का वरून?

लॅम्ब्डा_एक

वा, अगदी पद्धतशीर शोधलंत. टोकाचाच स्टड तुटणं हे नेहमीचं, मॅनिफोल्ड तापून लांब होतो आणि सगळ्यात जास्त ओढ टोकांना बसते. थंड असताना फट उघडी म्हणून टिक टिक, तापून फुगला की फट दबते म्हणून आवाज बंद. पण आवाज बंद झाला म्हणजे लीक बंद झाला असं नाही, तुमचा +१८ गरम इंजिनचाच होता.

फक्त स्टड टाकून आवळू नका. मॅनिफोल्ड काढा, तोंडावर सरळ पट्टी धरून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघा. वाकला असेल तर फेसिंग करून (तोंड सपाट घासून) घ्या नाहीतर नवीन पॅकिंगसुद्धा त्याच जागी जळेल. जुनं पॅकिंग पूर्ण खरवडा, स्टड शक्यतो सगळेच नवीन, आवळताना मधून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत, कंपनीने दिलेल्या टॉर्कला. चांगल्या तोंडावर चांगलं पॅकिंग असेल तर पेस्टची गरज नाही. साधा सिलिकॉन तर अजिबात नको, त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर थर धरते आणि तुमचा नवा कोरा सेन्सर खराब होतो. सेन्सर काढाल तेव्हा त्याच्या बंगच्या (तो ज्यात आटतो त्या कड्याच्या) वेल्डिंगला चीर नाही ना ते बघा आणि वॉशर नीट बसवा, सेन्सरच्या अगदी शेजारची फट छोटी असली तरी सगळ्यात जास्त दिशाभूल करते. अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावाल तर फक्त आट्यांवर, टोकाला बोटसुद्धा लागू देऊ नका.

रीडव्हॉल्व्ह

एक विनंती सगळ्यांनाच, काम होईपर्यंत गाडी बंद शेडमध्ये चालू ठेवू नका आणि उभ्या गाडीत ब्लोअर लावून बसू नका. मॅनिफोल्डचा लीक बॉनेटखाली असतो, केबिनची हवा तिथूनच जवळून आत घेतली जाते, आणि रिच चालणाऱ्या इंजिनच्या कॅटआधीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. त्याला वास नसतो. डोकं दुखायला लागलं, गरगरलं तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत. आणि लीक शोधायला गरम एक्झॉस्टजवळ कार्ब क्लीनर कधीच मारू नका, तो पेटतो. साबणाचं पाणी आणि थंड इंजिन हेच बरं, किंवा स्मोक मशीन असेल तर मागून धूर सोडा.

काळाप्लग

झालं काम. मॅनिफोल्ड किंचित वाकलेला निघाला, फेसिंग करून घेतलं, स्टड सगळे नवीन, पॅकिंग थरांचं स्टीलचं टाकलं. ट्रिम पुसून चालवली. आता आयडलला लाँग +२, शॉर्ट शून्याच्या वर खाली हलतोय, २५०० लापण तसंच. सकाळचा टिक टिक गेला. वास नाही. एकच शंका, इतके दिवस रिच चालली त्याने अजून काही नुकसान झालं असेल का?

स्कोपवाली

+२ म्हणजे अगदी छान, पाचच्या आत असलं की मी समाधानी असते.

दोन गोष्टी तपासा. डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वर चढली असेल तर ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं. प्लग साफ करून किंवा नवीन टाकून काही दिवस चालवा आणि परत काढून बघा, फिकट तपकिरी यायला हवेत.

दुसरं कॅट. रिच धूर आणि वर फटीतून आलेला ऑक्सिजन, दोन्ही कॅटमध्ये भेटले की तिथे जळतात आणि कॅट गरजेपेक्षा जास्त तापतो. स्कॅनरवर मागच्या सेन्सरचा ग्राफ लावा, गाडी पूर्ण गरम, वेग एकसारखा ठेवून. व्होल्टेज ०.६ ते ०.७ च्या आसपास संथ राहिलं तर कॅट शाबूत आहे. पुढच्या सेन्सरबरोबर तोही भराभर वर खाली नाचत असेल तर ग्राफचा फोटो इथे टाका, बघू या.